तापलेला पट्टा, हरवलेली शक्ती

मळणीयंत्राच्या व्ही-पट्ट्याची उष्णता आणि तिचे नियमन

फाल्गुन सरत आला की तापीकाठच्या शिवारात गव्हाची कापणी जोरात सुरू होते आणि लागलीच खळ्याखळ्यांवर मळणीयंत्रांची घरघर ऐकू येऊ लागते. नंदुरबार, शहादा व तळोदा या तालुक्यांत गहू, हरभरा व दादर हाताशी येण्याचे दिवस आणि उन्हाचा पारा चाळिशीकडे सरकण्याचे दिवस बहुधा एकच असतात. मजूर मिळविण्याची धावपळ, अवकाळी पावसाची धास्ती आणि विजेच्या वेळापत्रकाचे बंधन, अशा स्थितीत यंत्र एक दिवस बंद पडले तरी शेतकऱ्याच्या जिवाची घालमेल होते. आणि यंत्र बंद पडण्याचे कारण विचारावे तर पुष्कळदा एकच उत्तर मिळते: "पट्टा जळाला."

पट्टा जळाला म्हणजे पट्ट्याचा माल हलका होता, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. म्हणून दुसरा पट्टा आणून चढविला जातो, तोही काही दिवसांनी जळतो, आणि दोष पुन्हा दुकानदाराच्या माथी बसतो. वस्तुतः पट्टा हा बहुतेक प्रसंगी गुन्हेगार नसून साक्षीदार असतो. यंत्रात कोठे तरी शक्तीची गळती होत आहे, हे तो आपल्या अंगच्या उष्णतेने सांगत असतो. ही साक्ष कशी समजून घ्यावी आणि ती समजल्यावर काय करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

एका खळ्यावरील अनुभव

आरंभी माझ्या स्वतःच्या चुकीची हकीकत सांगतो, कारण तीतून मी जे शिकलो ते पुस्तकातून शिकलो नव्हतो. काही वर्षांपूर्वी शहादा तालुक्यातील एका गावी भेटीस गेलो असता एका शेतकरी बंधूने मला आपल्या खळ्यावर नेले. त्यांचे मळणीयंत्र दहा अश्वशक्तीच्या विजेच्या मोटारीवर चाले. मोटारीची शक्ती 'बी' मापाच्या दोन व्ही-पट्ट्यांनी ढोलाकडे जात होती. त्या हंगामातील पट्ट्यांची ती तिसरी जोडी होती. यंत्र सुरू असताना पेंढी आत गेली की पट्टा किंचाळे आणि जळलेल्या रबराचा वास येई. मी अंगठ्याने पट्टा दाबून पाहिला, तो सैल वाटला. "ताण वाढवा," असे सांगून मी मोकळा झालो. मिस्त्रीने पहारीने मोटार मागे सारली, बोल्ट आवळले आणि किंचाळणे थांबले. मीही समाधानाने परतलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला. ढोलाच्या दांड्याचे पट्ट्याकडील बेअरिंग तापून त्यातील वंगण वितळून वाहिले होते आणि त्याभोवती साचलेला भुसा धुमसू लागला होता. घरातील थोरल्या सूनबाई पाणी घेऊन आल्या होत्या. त्यांच्या नजरेस धूर पडला आणि पिण्याच्या पाण्याचा अख्खा हंडा त्यांनी त्यावर उपडा केला, म्हणून पुढील अनर्थ टळला. दहा हातांवर मळावयाच्या गव्हाची गंजी उभी होती. मी पोहोचलो तेव्हा ते गृहस्थ रागावले नाहीत. इतकेच म्हणाले, "साहेब, पट्टा वाचला, पण गहू जात होता."

त्या दिवशी मी दोरी लावून तपासणी केली. मोटारीचा पाया तिरपा झाला होता. दोन्ही पुल्यांच्या तोंडावरून ताणलेली दोरी ढोलाच्या पुलीपासून जवळजवळ एक बोट दूर राहत होती. शिवाय मोटारीच्या पुलीच्या खाचा इतक्या झिजल्या होत्या की पट्टे खाचेच्या तळाशी टेकून तळ चकचकीत झाला होता. म्हणजे ताण हा मूळ रोग नव्हताच. मी रोग्याला न तपासता औषध दिले होते आणि ते औषध बेअरिंगला बाधले. मोटार सरळ केली, पुली बदलली, दोन्ही पट्टे एकाच वेळी नवे घातले व बेताचा ताण दिला. त्यानंतर त्या हंगामात त्या यंत्राला पट्टा लागला नाही.

उष्णता येते कोठून?

व्ही-पट्ट्याचा छेद खाली अरुंद व वर रुंद असतो. तो पुलीच्या तिरप्या खाचेत पाचरीसारखा अडकतो आणि दोन्ही बाजूंच्या घर्षणाने शक्ती वाहून नेतो. त्याचा तळ खाचेला टेकता कामा नये. नीट बसविलेला व योग्य ताणाचा पट्टा मोटारीच्या शक्तीपैकी शेकडा ९५ ते ९८ भाग पुढे पोहोचवितो. उरलेला भाग नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते. ही उष्णता मुख्यतः दोन वाटांनी निर्माण होते. पट्टा पुलीभोवती दर फेऱ्याला वाकतो व सरळ होतो, त्या वाकण्याने रबर आतून तापते, ही पहिली वाट. पट्टा खाचेत घसरतो व घासतो, ही दुसरी. पहिली टाळता येत नाही, मात्र कमी करता येते. दुसरी जवळजवळ पूर्णपणे आपल्या हाती असते.

हा हिशेब आकड्यांत पाहू. दहा अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७,४६० वॉट. पट्टा शेकडा १० घसरत असेल तर सुमारे ७४६ वॉट उष्णता पट्टा व पुली यांच्यामध्ये सतत निर्माण होते. कपड्यांची साधी इस्त्री ७५० वॉटची असते. याचा अर्थ असा की एक तापलेली इस्त्री मोटारीच्या लहानशा पुलीवर दिवसभर टेकवून ठेवावी, तसाच हा प्रकार झाला. त्या इस्त्रीच्या विजेचे पैसे आपण भरतो आणि तिने जळणाऱ्या पट्ट्याचेही आपणच भरतो. अतिभरणामुळे ढोल अडकून बसला आणि मोटार मात्र फिरत राहिली, तर शक्तीचा बहुतेक भाग त्या एका जागी उष्णता होऊन बाहेर पडतो. अशा वेळी पट्टा जळावयास फार अवकाश लागत नाही.

रबराला उष्णता सोसत नाही. पट्ट्याच्या अंगचे तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की त्याचे आयुष्य साधारणपणे निम्मे होते, असा यंत्रशास्त्रातील ठोकताळा आहे. दोन हंगाम चालणारा पट्टा १० अंश अधिक तापला तर एक हंगाम चालेल आणि २० अंश अधिक तापला तर अर्धाच. आपल्या जिल्ह्यात चैत्र-वैशाखात भोवतालची हवाच ४० अंशांच्या वर असल्यामुळे पट्ट्याची उष्णता हवेत जावयास वाव कमी राहतो. म्हणून थंड प्रदेशात खपून जाणारी हयगय येथे खपत नाही.

हाताची व डोळ्यांची परीक्षा

पट्ट्याची परीक्षा यंत्र बंद करूनच करावी. मोटारीचा मुख्य खटका पाडून फ्यूज काढून घ्यावा किंवा इंजिन पूर्ण थांबवावे आणि ढोलाचे फिरणे थांबेपर्यंत वाट पाहावी. जड ढोल खटका पाडल्यावरही बराच वेळ फिरत राहतो, हे कधीही विसरू नये.

नंतर पुलीला हाताची मागील बाजू क्षणभर लावून अंदाज घ्यावा. ती सोसवली तर पट्ट्याच्या बाजूवर तळहात ठेवावा. पाच सेकंदपर्यंत हात ठेवता आला तर साधारणपणे चिंतेचे कारण नाही. हात झटकन मागे घ्यावा लागला तर तापमान ६० अंशांच्या आसपास वा वर गेले आहे असे समजावे. मोटारीची पुली ढोलाच्या पुलीपेक्षा फारच अधिक तापली असेल तर तेथे पट्टा घसरत आहे हे जवळजवळ निश्चित. हल्ली दुरून तापमान दाखविणारे पिस्तुलाच्या आकाराचे मापक बाजारात मिळते. दहा-बारा शेतकऱ्यांनी मिळून असे एक घेतल्यास हाताच्या अंदाजाला आकड्याची जोड मिळेल.

पट्टा उतरवून उजेडात पाहिल्यास तो आपली हकीकत स्वतःच सांगतो. दोन्ही बाजू काचेसारख्या चकचकीत व कडक झाल्या असतील तर पट्टा घसरत आहे. एकाच जागी जळाल्याचा डाग असेल तर ढोल अडकला असता मोटार फिरत राहिली होती. एकच बाजू झिजली असेल तर पुल्या एका रेषेत नाहीत. पोटाकडून आडव्या भेगा पडल्या असतील तर पट्टा फार लहान पुलीवर वाकतो आहे किंवा दीर्घकाळ तापला आहे. पट्टा फुगून मऊ पडला असेल तर त्यावर तेल वा वंगण सांडत आहे. आणि पट्टा खाचेत उलटत असेल तर तो चढविताना पहारीने ओढून त्याच्या आतील दोरे तोडले गेले असण्याचा संभव फार. कारण शोधल्यावाचून नवा पट्टा चढविणे म्हणजे गळक्या कोठीत पुन्हा धान्य भरणे होय.

घसरण मोजण्याचीही एक सोपी रीत आहे. मोटारीचे फेरे मिनिटाला १,४४०, तिची पुली १२५ मि.मी. व ढोलाची पुली २५० मि.मी. असेल तर ढोलाचे फेरे ७२० यावयास हवेत. फेरे मोजण्याच्या यंत्राने ते ७०५ ते ७१५ आढळले तर ठीक, कारण शेकडा एक-दोन फरक स्वाभाविक असतो. भरणी चालू असता ते ६५० आढळले तर शेकडा १० शक्ती वाया जात आहे. ढोलाचा वेग घटल्यामुळे ओंब्यांत दाणे राहतात आणि पंख्याचा वारा कमी पडून भुसा दाण्यात मिसळतो, ते नुकसान निराळेच.

आधी रेषा, मग ताण

माझ्या अनुभवावरून सांगतो की क्रम हाच ठेवावा. प्रथम पुल्यांच्या खाचा पाहाव्यात. खाचेच्या तिरप्या बाजू सपाट असाव्यात. त्यांना पोकळ बाक आला असेल आणि सरळपट्टी लावता मध्ये ०.८ मि.मी.हून अधिक फट दिसत असेल तर पुली बदलावी. नव्या पट्ट्याची पाठ पुलीच्या काठाशी जवळजवळ समपातळीत आली पाहिजे. ती फार खोल गेली तर खाच झिजली आहे किंवा पट्ट्याचे माप चुकले आहे. 'ए' मापाचा पट्टा वरच्या बाजूस १३ मि.मी., 'बी' मापाचा १७ मि.मी. व 'सी' मापाचा २२ मि.मी. रुंद असतो. दुकानात जाताना जुना पट्टा बरोबर न्यावा.

दुसरी तपासणी रेषेची. एक मजबूत बारीक दोरी दोन्ही पुल्यांच्या तोंडावरून ताणून धरावी. पुल्यांचे काठ सारख्या जाडीचे असतील तर दोरी चारही ठिकाणी टेकली पाहिजे. मीटरभर अंतरास सुमारे ८ मि.मी. फरक ही शेवटची मर्यादा मानावी. मोटार लाकडी ओंडक्यांवर बसविली असेल तर ही परीक्षा दर दोन दिवसांनी करावी, कारण धक्क्यांनी ओंडके सरकतात.

तिसरा क्रम ताणाचा. दोन पुल्यांमधील पट्ट्याच्या मोकळ्या भागाच्या मध्यावर अंगठ्याने बेताचा जोर द्यावा. मोकळ्या भागाची लांबी दर १०० मि.मी.ला १.६ मि.मी., म्हणजे मीटरभर लांबीस सुमारे १६ मि.मी. इतका पट्टा दबावा. याहून पुष्कळ अधिक दबला तर सैल, आणि दगडासारखा ताठ लागला तर घट्ट. सर्वांत अधिक भार असताना पट्टा घसरणार नाही असा कमीतकमी ताण, तोच योग्य ताण. याहून अधिक ताण दिल्यास पट्ट्याची उष्णता बेअरिंगकडे जाते, एवढाच फरक.

नवा पट्टा पहिल्या एक-दोन दिवसांत खाचेत बसतो व थोडा सैल पडतो. म्हणून २४ ते ४८ तास काम झाल्यावर ताण पुन्हा तपासणे अगत्याचे आहे. पहिल्या तासात भरणी हलकी ठेवावी. जोडीतील एक पट्टा तुटला तरी सर्व पट्टे एकदम बदलावेत. जुना पट्टा लांबलेला असतो, त्यामुळे सगळा भार एकट्या नव्यावर पडून तोच प्रथम जळतो. पट्टा चढविताना पहारीने ओढू नये. मोटार पुढे सारून पट्टा हाताने घालावा, मग मोटार मागे घ्यावी.

येथे राळेविषयी दोन शब्द लिहिणे जरूर आहे. पट्टा घसरू लागला की त्यावर राळ टाकण्याची चाल अजून कोठे कोठे दिसते. ही चाल जुन्या तेल-इंजिनांच्या काळातील आहे. १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढे महाराष्ट्रातील विहिरीविहिरींवर व पिठाच्या गिरण्यांत तेल-इंजिने आली. त्यांवर चामड्याचे किंवा कापडाचे सपाट पट्टे चालत व त्यांना पकड येण्यासाठी काही ना काही लावावे लागे. व्ही-पट्ट्याची पकड पाचरीच्या आकारातून येते. राळेने ती क्षणभर वाढल्यासारखी वाटते, परंतु त्यावर धूळ व भुसा चिकटून खाच भरते, रबर बिघडते आणि घसरण पूर्वीपेक्षा वाढते. पट्टा कोरड्या फडक्याने पुसणे, हेच त्याचे वंगण!

लहान पुलीचा मोह

गहू झाल्यावर त्याच यंत्रात हरभरा मळावयाचा असतो. हरभऱ्याचा दाणा फुटू नये म्हणून ढोलाचा वेग कमी करावा लागतो. तेव्हा सोपा उपाय म्हणून मोटारीवर लहान पुली चढविली जाते. वेग उतरतो, पण पट्टा तापू लागतो आणि कारण ध्यानात येत नाही.

कारण असे आहे. शक्ती म्हणजे ओढ गुणिले वेग. १२५ मि.मी.च्या पुलीवर १,४४० फेऱ्यांना पट्ट्याचा वेग सेकंदाला सुमारे ९.४ मीटर असतो. पूर्ण दहा अश्वशक्ती वाहून नेण्यास त्याला सुमारे ८० किलोची ओढ द्यावी लागते. पुली १०० मि.मी.ची केली की वेग सेकंदाला ७.५ मीटरवर येतो आणि तीच शक्ती नेण्यास ओढ १०० किलोवर जाते. शिवाय पट्टा अधिक वाकतो आणि लहान पुलीला त्याची मिठीही कमी पडते. 'बी' मापाच्या पट्ट्यास १२५ मि.मी.हून लहान पुली योग्य नाही. 'ए' मापास ही मर्यादा ७५ मि.मी. व 'सी' मापास २०० मि.मी. मानतात.

म्हणून वेग उतरविण्यासाठी मोटारीची पुली लहान करण्यापेक्षा ढोलाची पुली मोठी करावी. मोटारीवर १२५ मि.मी.चीच पुली ठेवून ढोलावर सुमारे ३१० मि.मी.ची घातली तरी ढोलाचे फेरे ५८० च्या घरात येतात, म्हणजे १०० व २५० मि.मी.च्या जोडीइतकेच. पट्ट्याचा वेग मात्र कायम राहतो. मोठी पुली महाग पडते हे खरे. परंतु ती एकदाच घ्यावी लागते, पट्टे मात्र दर हंगामी घ्यावे लागतात. पुली बदलल्यावर पट्ट्याची लांबीही बदलेल, हे ध्यानी ठेवून दोन्ही मापांचे पट्टे जवळ ठेवावेत.

वारा, भुसा आणि आच्छादन

ट्रॅक्टरवर चालणाऱ्या यंत्रात शक्ती दांड्याने येते. म्हणून त्यात पट्टे नसतात असे नाही. पंखा व चाळण्या यांस पुष्कळदा पट्ट्यांनीच गती मिळते. त्या पट्ट्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही आणि ते भुशाच्या ढिगाशेजारीच असतात. वरील सर्व सूचना त्यांसही लागू आहेत.

पट्ट्यावरील आच्छादन त्रासदायक वाटते म्हणून काढून ठेवणारे शेतकरी आढळतात. पट्टा उघडा राहिला तर गार राहील असा त्यांचा युक्तिवाद असतो. त्यात अर्धे सत्य आहे. पत्र्याची बंद पेटी पट्ट्याची उष्णता कोंडून ठेवते हे खरे, परंतु त्यावर उपाय जाळीचे आच्छादन हा आहे, उघडा पट्टा हा नव्हे. लुगड्याचा पदर, धोतराचा सोगा, उपरण्याचे टोक किंवा मोकळी बाही उघड्या पट्ट्यात सापडली तर सावरण्यास क्षणही मिळत नाही. अशा अपघातांना आळा घालण्यासाठीच मळणीयंत्रांविषयी धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम १९८३ साली करण्यात आला. मजबूत जाळीतून वारा खेळतो, पट्टा दिसतो आणि माणूसही सुरक्षित राहतो.

यंत्र मांडताना वाऱ्याची दिशा पाहावी. भुसा वाऱ्याबरोबर मोटारीपासून दूर उडेल अशी मांडणी करावी. दर दोन तासांनी यंत्र थांबवून पट्टा, पुली व बेअरिंगभोवती साचलेला भुसा झाडून काढावा. न मळलेली गंजी यंत्राला खेटून रचू नये. पाण्याने भरलेले पिंप आणि ओल्या मातीच्या दोन-चार पाट्या खळ्यावर जवळ असाव्यात. मात्र विजेचा प्रवाह तोडल्यावाचून मोटारीवर पाणी मारू नये. पहाटेच्या दवाने ओलावलेल्या पेंढ्या ढोलाला गुंडाळतात व पट्ट्यावर भार टाकतात. म्हणून दव उडाल्यावर काम सुरू करावे, ऐन दुपारी यंत्राला व माणसांना दोहोंना विसावा द्यावा आणि उन्हे कलल्यावर पुन्हा आरंभ करावा. पेंढ्या एकदम न कोंबता सारख्या हाताने दिल्यास पट्ट्यावरील भार सारखा राहतो.

घाटावरील वाहनाचा पट्टा

पट्ट्याचा हा धर्म खळ्यापुरता नाही. हल्ली गिअर न बदलावे लागणाऱ्या स्कूटर खेडोपाडी आल्या आहेत. चांदसैली घाटाने धडगावकडे किंवा तोरणमाळच्या चढणीवर ओझ्यासह त्या जाताना दिसतात. त्यांच्यातही रबरी पट्टाच शक्ती वाहून नेतो. फरक एवढाच की तेथील पुल्यांची शंकूसारखी पाखे जवळ-दूर सरकतात, त्यामुळे पट्टा पुलीवर वर-खाली होऊन वेगाचे प्रमाण आपोआप बदलते. १९५८ साली हॉलंडमधील डाफ कंपनीने अशा रबरी पट्ट्यांवर चालणारी मोटारगाडीच लोकांपुढे आणली होती. आज परदेशांत शेतावर, डोंगरावर व वाळूत चालणाऱ्या, दोघे शेजारी शेजारी बसण्याच्या छोट्या चारचाकी गाड्या पुष्कळशा याच तत्त्वावर चालतात. पट्ट्याची उष्णता हीच त्यांच्या मालकांचीही मोठी काळजी असते. काही जण पट्ट्याच्या पेटीत तापमापक बसवून घेतात व आकडा १०० अंशांच्या पुढे सरकू लागला की गाडीला उसंत देतात.

अशा वाहनात पट्टा भरधाव वेगात जितका तापतो, त्याहून अधिक मंद गतीत, चढणीवर व भारी ओझ्याखाली तापतो. त्या वेळी तो इंजिनाकडील पुलीच्या अगदी लहान घेरावर बसलेला असतो, ओढ सर्वांत मोठी असते, आणि थंड करणारा पंखा मंद असतो. लहान पुलीचे जे गणित आपण ढोलापाशी पाहिले तेच येथे घाटात भेटते. म्हणून चढणीवर गाडी ब्रेकऐवजी इंजिनाच्या जोरावर तोलून उभी ठेवू नये. कंपनीने सांगितलेल्या वजनाहून अधिक लादू नये. ज्या चारचाकीत जड कामाचा निराळा गिअर असतो तिच्यात चढणीपूर्वीच तो टाकावा. पट्ट्याच्या पेटीला हवा देणारी जाळी धुळीने भरू देऊ नये. ओढा ओलांडताना पेटीत पाणी शिरले तर पट्टा वाळेपर्यंत ओझे घालू नये. चढण संपल्यावर थोडे अंतर हलक्या हाताने चालवावे, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने पेटी निवते.

हंगाम संपल्यावर

मळणी आटोपली की यंत्र तसेच उन्हात सोडून देण्याची प्रवृत्ती दिसते. वैशाखातील ऊन पट्ट्याला पुढील हंगामाआधीच म्हातारा करते. ताण सैल करून पट्टे उतरवावेत, कोरड्या फडक्याने पुसावेत आणि तेल, ऊन व उंदीर यांपासून दूर, थंड व अंधाऱ्या जागी ठेवावेत. खिळ्याला टांगू नयेत, कारण वाकलेल्या जागी भेग पडते. सैलसे वेटोळे करून फळीवर ठेवावेत आणि पट्ट्याचा क्रमांक व चढविल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून ती बांधून ठेवावी. दोन-तीन हंगामांच्या चिठ्ठ्या जमल्या की कोणते यंत्र पट्टे खाते हे आपोआप कळेल. अडचण असल्यास तालुका कृषि अधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा कोळदे येथील कृषि विज्ञान केंद्रात विचारणा करावी. जाताना जळालेला पट्टा टाकून न देता बरोबर न्यावा, कारण निम्मे निदान त्याच्याच अंगावर लिहिलेले असते.

शेतकरी बंधु-भगिनींनो, या सर्वांस लागणारी साधने कोणती? एक दोरी, एक सरळपट्टी, एक पाना आणि आपला तळहात. वेळ लागतो तो रोज सकाळी पाव घटकेचा. खळ्यावरचे पीक हे वर्षभराच्या कष्टाचे फळ असते. ते घरी नेण्याच्या अखेरच्या टप्प्यात पट्टा आपल्याला काही सांगत असेल, तर यंत्र थांबवून त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. त्या सूनबाईंच्या हंड्यातील पाण्याने एका घरचा गहू वाचला, पण हंडा दर वेळी वेळेवर येईलच असे नाही.